बदक खिडकीत असेपर्यंत

— नाही हो, कडी नाहीच आहे दाराला, कडी आम्हीच काढून टाकली. ढकललंत तर उघडेल. पण ढकलायचं नाही. का म्हणजे? ते बघा ना, खिडकीत. डावीकडं, कुंडीच्या शेजारी. बदक. लाकडी आहे, पिवळं, चोचीचा रंग उडालेला. ते खिडकीत आहे तोवर आत कोणी जायचं नाही — पालक नाहीत, मुख्याध्यापिका नाहीत, आणि माफ करा साहेब, पण तपासणीला आलेले अधिकारीही नाहीत. लेखी आदेश? लेखी काही नाही. एकतीस वर्षं या शाळेत कारकुनी केली मी, लेखी आदेशाशिवाय टाचणी हलवली नाही, आणि म्हातारपणी एका बदकाच्या हुकमात आलोय. बसा. बाक बुटका आहे, पहिलीच्या मुलांच्या मापाचा, गुडघे छातीशी येतात — असे तिरके करा, हां, जमलं. आधीचे साहेब उभेच राहिले होते, त्यांनी अहवालात लिहिलं, बसण्याची व्यवस्था असमाधानकारक. आत तर याहून बुटक्या खुर्च्या आहेत. मोठी खुर्ची आत एकही नाही. बाईंनीच ठेवू दिली नाही. बाई स्वतः त्या छोट्या खुर्चीवर बसतात, आणि समोर मुख्याध्यापिका आल्या तरी त्यांनाही छोटीच. एकदा दोघी समोरासमोर बसलेल्या मी खिडकीतून पाहिल्या आहेत. त्यानंतर आठवडाभर मला मुख्याध्यापिकांची भीती वाटली नाही.

वीस मिनिटं. फार तर पंचवीस. समजलं, खाली गाडी उभी आहे, बाराला पुढची शाळा आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो — वाजवू दे, सगळे ड्रायव्हर वाजवतात. तुमच्या मांडीवरचा वरचा कागद मला दिसतोय. चोरून नाही हो वाचत, मला कागद उलटाच वाचता येतो, टेबलाच्या अलीकडं उभं राहून पलीकडचं वाचण्यात तर माझी नोकरी गेली. "समुपदेशन कक्ष पुढे चालू ठेवावा / बंद करावा. नको ते खोडावे." असंच आहे ना? छान वाक्य आहे. नको ते खोडावे. अख्खं सरकारी काम या तीन शब्दांत बसतं. पेनाचं टोपण अजून लावलेलंच आहे, तेवढं बरं आहे. राहू दे ते तसंच.

मी कोण? मी कोणी नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, म्हणजे अधिकृतपणे मी इथं बसलेलोच नाही. तुमच्या कागदात मला रकाना नाही. पोरं फाइलआजोबा म्हणतात. सकाळी दहाला येतो, या बाकावर बसतो, मधल्या सुट्टीत कोणाच्या बुटाची नाडी बांधायची असेल तर बांधतो, आणि बदकाकडं लक्ष ठेवतो. पगार? छे हो. पगार असता तर मी इतक्या वेळेवर आलो असतो का?

आता तुम्ही म्हणाल, आत चालतं काय. विचारा की. सगळे विचारतात. आधीच्या साहेबांनी दार ढकललं, त्यांना काय दिसलं? एक मुलगा जमिनीवर पालथा पडून रंगीत बटणं लावतोय आणि बाई शेजारी गप्प बसल्यात. त्यांनी लिहिलं, "कक्षात अध्यापन होत नसल्याचे आढळले." बरोबरच आहे. अध्यापन होतच नाही. अध्यापन करायला बाकीच्या अकरा बाई आणि दोन सर आहेत, ते दिवसभर बोलतात. या बाई ऐकतात. पोरांनी म्हणूनच नाव ठेवलंय, ऐकणाऱ्या बाई. मला आधी हसू यायचं — ऐकायचा पगार! मी एकतीस वर्षं सगळ्यांचं ऐकलं, मला कोणी भत्ता दिला नाही.

पण सोमवारी त्या वर्गावर जातात, एकेका वर्गावर, आणि राग शिकवतात. म्हणजे राग यायला नाही, तो पोरांना जन्मतः येतो — राग आल्यावर करायचं काय ते. पंजा असा उघडायचा, दुसऱ्या हाताचं बोट अंगठ्यापासून वर चढवायचं, श्वास आत, उतरवायचं, श्वास बाहेर. पाच बोटं चढून उतरेपर्यंत कोणाला मारायचं नाही. मी म्हटलं, काय हा पोरखेळ. मग एके दिवशी इथंच, या बोळात, कोणीतरी शाईची बाटली फोडली, आणि मुख्याध्यापिका आल्या, आणि त्यांचा आवाज — तुम्ही ऐकाल, आज त्या बैठकीला गेल्यात म्हणून शांतता आहे. तर त्या ओरडतायत आणि पहिलीतलं एक एवढंसं पोर पुढं आलं आणि त्यांच्यासमोर स्वतःचा पंजा धरून उभं राहिलं. म्हणालं, "माझ्यावर चढा, तुमचे हात थरथरतायत." आणि चढल्या हो त्या. त्याच्या बोटांवर बोट फिरवून पाच वेळा चढल्या-उतरल्या. शाई तशीच पसरलेली. एकतीस वर्षांत मी मुख्याध्यापक खूप पाहिले, उतरलेला पहिल्यांदा पाहिला.

घड्याळ बघू नका साहेब, चारच मिनिटं झालीत. दुसरं सांगतो. पोटदुखी. चौथीची चार पोरं, दर गुरुवारी पोटदुखी. डॉक्टर झाले, औषधं झाली. आता कार्यालयात संगणकावर एक मुलगी बसते, हुशार आहे, पण तो संगणक पोटदुखीला नुसतं "गैरहजर" म्हणतो. मी जुन्या सवयीनं पालकांच्या चिठ्ठ्या चाळत बसतो. बाईंना म्हटलं, हे पोट फार नियमित दुखतंय, इतकं नियमित तर या इमारतीत कोणीच नाही. बाईंनी वेळापत्रक काढलं. गुरुवारी गाण्याचा तास. सर एकेकाला उभं करून म्हणायला लावतात. संपलं! बाई सरांना रागावल्या नाहीत काही. त्यांनी विचारलं, चौघांना मिळून, खिडकीकडं तोंड करून म्हणू द्याल का? पुढच्या गुरुवारी चौघांतला एकच गैरहजर, आणि त्याला खरोखर गालगुंड झालं होतं. हे कुठल्या रकान्यात घालाल? घाला की. "पोटे: चार. बरी झाली: चार."

हसलात. लिहून ठेवतो, तपासणी अधिकारी हसले, अकरा वाजून सोळा मिनिटं.

तर मी काही या खोलीचा भक्त नव्हतो, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा पढवून बसवलाय. उलट. ही खोली माझी होती. अभिलेख कक्ष. शाळा सुरू झाल्यापासूनचे कागद इथं, छतापर्यंत, लाल कापडात बांधलेले, प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी माझ्या हातची. दोन वर्षांपूर्वी समुपदेशनाचं पद आलं आणि खोली हवी झाली. माझे गठ्ठे जिन्याखाली गेले. मी निवृत्त होतो तरी धावत आलो. एक फाइल शोधायचीय असं सांगून आलो — ती फाइल अजून सापडली नाही, सापडू द्यायचा विचारही नाही — आणि पाहतो तर माझ्या कपाटांच्या जागी सतरंजी! बटणं! बाहुल्या! भिंतीवर ढग आणि सूर्य, पोरं येताजाता त्यावर टिकली लावतात, आज माझ्या आत ऊन आहे की पाऊस. मी म्हटलं, थांबा, या खोलीचा पोकळपणा कागदावर सिद्ध करून दाखवतो.

कसा? तेच ते. सांगेन. आधी पेटी बघा, दाराशेजारी. त्यात पोरांनी चिठ्ठी टाकायची, मनात असेल ते. नाव लिहायचं नाही. नावाऐवजी एक प्राणी निवडायचा. त्या पेटीवर खण आहेत बघा, प्रत्येकावर चित्र — ससा, मासा, घुबड, कासव. ससा म्हणून लिहिलंत तर सशाच्या खणात बाईंचं उत्तर येतं. कोण ससा ते कोणालाच कळत नाही. किल्ली फक्त बाईंकडं. ज्याला बोलायचं असेल त्यानं आत यायचं, ज्याला नसेल त्यानं नुसतं लिहायचं. आतलं बाहेर येत नाही, हा इथला पहिला नियम. मी या नियमाच्या बाहेर बसतो, म्हणून बोलतो.

आकडा? आकडा तुमच्याकडं असेलच. कक्ष सुरू झाल्यापासून एकशे बारा चिठ्ठ्या. शंभराच्या वर हव्यात, शंभराच्या खाली राहिल्या तर कक्ष बंद, असं परिपत्रक आहे, ठाऊक आहे मला, सूचना फलकावर मीच लावलं ते, चार टाचण्या मारून. एकशे बारा आहेत. बारा वर. झालं की. आता कशाला उठताय?

साहेब. साहेब, हात काढा दारावरून. दोन मिनिटं नुसतं डोकावून बघणार? तेच नको. बरं, सांगतो, आत कोण आहे ते सांगायचं नसतं, म्हणून नाव सांगत नाही. दुसरीतली आहे. मुली तिला पेन्सिल म्हणतात, बारीक आहे आणि पेन्सिली चावते म्हणून. जूनमध्ये — वर्ष सुरू झालं तेव्हा — दुसऱ्या गावाहून आली. पहिल्या दिवशी वर्गात मोठ्यानं वाचायला उभी केली, काहीतरी वेगळ्या सुरात वाचलं असेल, वर्ग हसला. संपलं तिथंच. त्या दिवसापासून शाळेत एक शब्द नाही. एक म्हणजे एक नाही. घरी बडबडते, बाप सांगतो, कान किटतात म्हणे. इथं दारातून आत आली की कुलूप. वर्गबाईंनी आधी गोड बोलून पाहिलं, मग रागावून, मग चॉकलेट. ऐकणाऱ्या बाईंनी काय केलं? काही नाही. सहा आठवडे शेजारी बसून बटणं लावली. लाल लालमध्ये, निळी निळ्यात. एकदाही बोल म्हणाल्या नाहीत. ती रोज पेटीत चिठ्ठी टाकते, बरं का. कोरी. घडी घालून, व्यवस्थित, कोरी. मी म्हटलं बाई, कोऱ्याही धरा मोजणीत, चांगला आकडा होईल. तर म्हणाल्या, त्या अजून पत्रं व्हायच्यात. धरल्या नाहीत. बाई तिथं फार प्रामाणिक आहेत, त्रास होतो त्याचा.

आज सकाळी तिनं चिठ्ठी टाकली ती कोरी नव्हती. मी वाचली नाही. कागद पातळ होता, ऊन मागून होतं, मागून शिशाच्या रेघा दिसल्या, त्याला मी काय करू? बाईंनी ती काढली, वाचली, आणि मला म्हणाल्या, आजोबा, आज बदक मी उचलेपर्यंत कोणाला सोडू नका, कोणालाही. आता तुम्ही दार ढकललंत, नुसतं डोकावलात, तर तुमच्यासाठी ती दोन मिनिटं आहेत. तिच्यासाठी पुन्हा जून.

तरीही? वेळ नाही म्हणता. समजतं मला, पुढची शाळा. माझ्याकडं काही अधिकार नाही, बाकावरून उठून आडवा पडलो तर शोभणार नाही, आणि माझ्या गोष्टीही संपल्या. शाईची झाली, पोटाची झाली. एकच उरलीय. ती सांगायची नव्हती.

त्या एकशे बारांपैकी एकोणीस खोट्या आहेत.

बसलात. बसणारच. हे ऐकून उभा राहील असा अधिकारी मी पाहिला नाही. टोपणही निघालं. काढा, काढा.

कोणी म्हणजे? मी. एकोणीसच्या एकोणीस. सांगितलं ना, पोकळपणा सिद्ध करायचा होता. म्हटलं, तिसरीतला मुलगा होऊन चिठ्ठी लिहू, बाई लहान मुलाला द्यायचं तसं गुळमुळीत उत्तर देतील, ते घेऊन मुख्याध्यापिकांकडं जाऊ — हे बघा, यांना म्हातारा आणि मूल यातला फरक कळत नाही, द्या माझी खोली परत. वहीचं पान फाडलं, शिसपेन्सिल घेतली, डाव्या हातानं लिहिलं. कासव निवडलं. खूप हसलो घरी. आता ऐका, पहिली चिठ्ठी — "विषय: मधल्या सुट्टीत कोणीही खेळावयास घेत नसल्याबाबत." तुम्ही हसताय, मला तेव्हा कळलंच नाही. तिसरीतलं मूल! विषय, बाबत! डावीकडं दोन बोटं समास सोडलेला, फाइलला भोक पाडायला. कागदाच्या तीन घड्या, पाकिटात जातील अशा. एक जावक क्रमांक तेवढा घातला नाही, तोही हाताशी आला होता. आणि मी आपला खूश, की हस्ताक्षर ओळखू येणार नाही.

उत्तर आलं कासवाच्या खणात. गुळमुळीत वगैरे नव्हतं. "प्रिय कासव, तुला खेळायला घेत नाहीत, की तू बाकावरून उठत नाहीस? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातली कुठली, ते सावकाश सांग." झालं. असं उत्तर घेऊन मी मुख्याध्यापिकांकडं काय जाणार? म्हटलं, हिला खोडून काढायला पाहिजे. दुसरी चिठ्ठी लिहिली, खोडून काढायला. तिचं उत्तर आलं. तिसरी लिहिली. वाद चालू होता हो, कार्यालयीन वाद, मला सवय आहे त्याची.

चौथ्या चिठ्ठीत विषयच सुचेना. खोटं किती सुचणार? म्हणून जरा खरं घातलं, थोडं, चवीपुरतं. आमची ही गेली ना — दोन वर्षं झाली, खोली गेली त्याच वर्षी, दोन्ही एकाच वर्षात. हिचे डोळे अधू झाले होते शेवटी, म्हणून मी सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचो. सगळा. जाहिराती, हरवले-सापडले, वर पाहिजे-वधू पाहिजे. ही आत काम करता करता "हं" म्हणायची. "हं" आलं की मी पान उलटायचो. अजूनही मोठ्यानंच वाचतो. सवय. पान उलटायच्या आधी थांबतो, आणि मग — मग उलटतो आपला. आता हे तिसरीतल्या मुलाच्या तोंडी कसं घालायचं? मी लिहिलं, "माझ्या घरी एक जण गोष्ट ऐकताना हं म्हणायचं. आता म्हणत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

योग्य ती कार्यवाही. मी स्वतःला माफ केलेलं नाही त्या वाक्याबद्दल.

काय उत्तर आलं? ते नाही सांगणार. आतलं बाहेर येत नाही. एवढं सांगतो की उत्तराच्या सुरुवातीला नुसतं "हं" लिहिलं होतं. मग पुढं पत्र.

मला वाटायचं, बाई फसल्यात, छान फसवतोय मी त्यांना. सातव्या चिठ्ठीपर्यंत वाटायचं. सातवीच्या उत्तरात एकच ओळ. "प्रिय कासव, इतका समास सोडत जाऊ नकोस. सगळा कागद तुझाच आहे." मी इथं बसून वाचली ती, तुम्ही बसलाय तिथंच. घंटा झाली, पोरं आली, गेली, मी बसलेलाच. कुठलं मूल समास सोडतं हो? त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, मी त्यांना बोललो नाही. येताजाता "आजोबा, चहा घेतलात का", "घेतला बाई". आणि चिठ्ठ्या चालूच. फक्त आठवीपासून समास सोडला नाही. आणि त्यांनी बिचाऱ्यांनी त्या मोजल्या, मोजणारच, पेटीत आलेली प्रत्येक लिहिलेली चिठ्ठी मोजायची हा त्यांचाच नियम.

एकदा खणातून उत्तर काढताना पकडला गेलो. कोणी पकडलं? पेन्सिलनं. मधल्या सुट्टीत ती याच बाकावर बसते, त्या टोकाला, मी या टोकाला. बोलत नाही, आणि मी साहेब — तुम्हाला खोटं वाटेल — मीही तिच्यापुढं बोलत नाही. त्या दिवशी मी कासवाच्या खणात हात घातला, वळलो, तर ही मागं. कागदाकडं बघितलं, कासवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि ओठांवर बोट ठेवलं. असं. तिनं! मला! गुपित ठेवायला सगळ्या शाळेत याहून सुरक्षित जागा नव्हती. तेव्हापासून आमचं जमतं.

लिहिलंत? काय लिहिलंत? एकोणीस. हो, एकोणीस. एकशे बारा वजा एकोणीस म्हणजे —

त्र्याण्णव.

थांबा हो. थांबा जरा. हे मी काय केलं? तुम्हाला पंचवीस मिनिटं बसवायचं होतं, तेवढंच करायचं होतं. आणि मी बसल्या जागी खोली बंद केली. दोन वर्षांपूर्वी आटापिटा करून जमलं नाही, ते आज बोलून करून दाखवलं. साहेब, ते खोडा. मी म्हातारा आहे, मला विसरायला होतं, मला काहीही आठवतं. नाही, खोडू नका. खरं आहे ते. पण खोट्या म्हटलं ना मी मघाशी, तो शब्द तेवढा चुकला. लिहिणारा खोटा होता. आतला मजकूर पहिल्या तीन सोडल्या तर —

ऐकलंत? गप्प. ऐका. आत. एक बाईंचा आवाज आहे, तो मी ओळखतो. आणि दुसरा? बारीक, घोगरा, थांबून थांबून? तो मी आजवर ऐकलेला नाही.

बंद करा हवी तर खोली. उद्या करा. आज नको. आजचं बदक निघू दे.

निघालं. बघा, निघालं. बाईंचा हात दिसला. आता उभे राहा सावकाश, गुडघे एकदम सरळ करू नका. ये, ये बाळ, बस. हे साहेब आहेत, काही करत नाहीत, बसलेत नुसते. बस तुझ्या टोकाला.

काय दाखवताय साहेब? चष्मा काढू द्या — नाही, उलटंच वाचतो, राहू द्या. हा रकाना. "लाभार्थींकडून आलेल्या चिठ्ठ्यांची संख्या." बरं. मग? विद्यार्थी लिहिलेलं नाही, लाभार्थी लिहिलंय. हो, ते दिसतंय. म्हणजे तुमचं म्हणणं, कासवालाही — म्हणजे एकशे बारा तसेच — आणि रेघ दुसऱ्या शब्दांवर? "बंद करावा"वर? मारलीत? पेनानं?

नाही साहेब. असं चालणार नाही. उपकार आहेत, पण हे नियमात बसत नाही. लाभार्थी शाळेच्या पटावरचा लागतो, मी पटावर नाही, मी निवृत्त, परिपत्रकाच्या खाली तळटीप आहे बारीक अक्षरात, मी स्वतः टाचणी मारलीय तिच्यावर, उद्या लेखापरीक्षणात कोणी काढलं तर तुमच्यावर येईल, तुम्ही असं करा, एकोणीस वेगळे दाखवा, एक जादा रकाना आखा, मी आखून देतो, पट्टी आहे माझ्याकडं, आणि त्यावर शेरा मारा की सदर एकोणीस प्रकरणी —

काय? काय म्हणालीस बाळ?

साहेब, तुम्ही ऐकलंत? माझ्या कानांचा भरवसा नाही, तुम्ही ऐकलंत ना? काय म्हणाली? तुम्हालाही तेच ऐकू आलं? "आजोबा, किती बोलता हो तुम्ही."

जा साहेब आत. चपला बाहेर काढा. छोट्या खुर्चीवर बसा.

मी काही बोलत नाही आता.